दसरूच्या मशीनची गळती

विक्की कारखान्यात आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, शेठचा साळा आहे, चार दिवस एसीत बसेल, कंटाळेल आणि नागपूरला परत जाईल. तो काही गेला नाही. पहिल्याच आठवड्यात तो केबिनमधून बाहेर आला आणि एकेका मशीनखाली वाकून फरशीवर बोट फिरवू लागला. बोट नाकाशी न्यायचा, हुंगायचा आणि त्या मशीनवरच्या माणसाकडे पाहून हसायचा.

चंद्रपूरच्या एमआयडीसीतला तो मध्यम आकाराचा कारखाना. कोळसा खाणीतल्या पट्ट्यांचे रोलर, गडचांदूरकडच्या सिमेंटवाल्यांना लागणाऱ्या जाड पिना, बुश, असं सगळं तिथे लेथवर कातून निघायचं. पोलाद कातताना तापतं, म्हणून कातणाऱ्या हत्याराच्या धारेवर सतत तेल-पाण्याचं मिश्रण सोडावं लागतं. ते पांढरं दिसतं म्हणून कामगार त्याला दूधच म्हणत. हे दूध मशीनखालच्या टाकीतून वर चढतं, कातल्या जाणाऱ्या तुकड्यावर पडतं आणि परत टाकीत उतरतं. उतरता उतरता बरंचसं वाया जातं. काही उडतं, काही लोखंडाच्या किसाबरोबर भंगारात जातं, काही कातलेल्या मालाला चिकटून धुलाईच्या टेबलावर पोचतं आणि तिथलं माल धुवायचं डिझेल नासवतं.

विक्की मूर्ख नव्हता. किस भंगारात टाकण्याआधी त्याने तो भोकाच्या पिंपात निथळायला लावला. माल धुवायला देण्याआधी जाळीवर ठेवायला लावला. धुलाईला एकाऐवजी दोन टब केले, पहिल्यात मळ काढायचा, दुसऱ्यात खळबळायचं. मळकं डिझेल तो फेकू देत नसे. गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पुन्हा वापरायचं. दोन महिन्यांत दुधाचे आणि डिझेलचे ड्रम निम्मे येऊ लागले. शेठ खूश झाला. तिथेच थांबला असता तर लोकांनी विक्कीचं कौतुक केलं असतं. पण त्याला आणखी बचत हवी होती, आणि आता मशीन संपल्या होत्या, माणसं उरली होती.

धुलाईच्या बायकांचे रबरी हातमोजे बंद झाले. आणि स्टोअरच्या भिंतीवर एक काळा फळा लागला. कुणाच्या मशीनला टाकी भरायला किती बादल्या दूध गेलं, ते स्टोअरवाला मंगरू त्यावर खडूने रेघा ओढून दाखवायचा. शनिवारी ज्याच्या रेघा सगळ्यांत जास्त, त्याच्या गळ्यात तारेने तेलाचा रिकामा डबा अडकवायचा. सुट्टी झाल्यावर सगळी माणसं बाहेर पडेपर्यंत त्याने तो डबा घालून फाटकाशी उभं राहायचं. विक्की स्वतः मोबाईलवर फोटो काढायचा आणि कारखान्याच्या ग्रुपवर टाकायचा. खाली लिहायचा, ‘या हप्त्याचा तेलराजा.’

पहिला तेलराजा रईस झाला.

रईस त्या कारखान्यातला सगळ्यांत जुना टर्नर, लेथवरचा कारागीर. घुटकाळ्यात दोन खोल्यांचं घर, बायको कमरजहाँ, बारावीला गेलेली मुलगी अरीबा. त्याच्या हाताखाली शिकून गेलेली पोरं आता पुण्यापर्यंत पसरली होती. पण मशीनही त्याच्याएवढीच जुनी होती. तिच्या टाकीचा सांधा फाटला होता, त्यावर वेल्डिंग करून करून पत्र्याची चाळण झाली होती. रईस विक्कीला म्हणाला, “साहेब, टाकी बदलून द्या. हे गळून राह्यलं, मी नाई पिऊन राह्यलो.”

विक्की म्हणाला, “टाकी बदलू का मानूस बदलू, ते सांग. मानूस सस्ता पडते.”

आजूबाजूचे हसले. रईसही हसला, कारण न हसणं अंगावर आलं असतं.

पहिल्या शनिवारी त्याने डबा गळ्यात घालून घेतला तेव्हा त्याला वाटलं होतं, गंमत आहे, होऊन जाईल. मग माणसं समोरून जाऊ लागली. ज्यांना त्याने मायक्रोमीटर धरायला शिकवलं तीही जाऊ लागली. कुणी खाली पाहिलं, कुणी डब्यावर टिचकी मारली. एकाने विचारलं, “चाचा, खोबऱ्याचं हाय का सरसोचं?” रईसच्या कानाची पाळी तापली. तार मानेला रुतत होती, पण त्याने हात वर नेला नाही.

घरी कुणाला काही कळणार नाही असं त्याला वाटत होतं. सोमवारी सकाळी त्याने स्कूटर काढली आणि रोजच्यासारखं अरीबाला विचारलं, “चल, कॉलेजला सोडतो.” ती म्हणाली, “मैं ऑटो से जाऊंगी, अब्बू.” दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कमरजहाँनेच सांगितलं, कारखान्यातल्या कुणाची तरी पोरगी अरीबाच्या वर्गात आहे, तिने तो फोटो सगळ्यांना दाखवला. ताटातली भाकर तशीच ठेवून रईस हात धुवायला उठला.

पुढच्या शनिवारी पुन्हा तोच. त्याच्या पुढच्याही. एप्रिल लागला, चंद्रपूरचं ऊन पत्र्यावर तापू लागलं, दूध गळतही होतं आणि उडूनही जात होतं. रईसने सांध्याला साबण चोपडला, एमसील लावलं, खाली ट्रे ठेवला. काही उपयोग झाला नाही. त्या मशीनवर कोणीही उभं राहिलं असतं तरी हरलंच असतं, हे त्याला ठाऊक होतं. विक्कीलाही ठाऊक होतं.

त्याच्या शेजारची मशीन दसरूची. दसरू एटापल्लीकडचा, गडचिरोलीला आयटीआय केलेला, तिशीचा माणूस. कमी बोलायचा. हाताला वळण रईसनेच लावलं होतं, म्हणून तो त्याला रईसभाऊ म्हणायचा आणि गावाहून येताना पुडीत बांधून चारोळी आणायचा, “अरीबासाठी” म्हणून. त्याची बायको सोमारी त्याच कारखान्यात धुलाईच्या टेबलावर होती. दसरूची मशीन तीन वर्षांची, टाकी कोरी. फळ्यावर त्याच्या नावापुढे सगळ्यांत कमी रेघा असत.

जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर कडुनिंबाखाली बसत. एका दुपारी रईस मागे राहिला. आपण नेमकं काय करणार आहोत हे त्याने स्वतःलाही सांगितलं नव्हतं. त्याने दसरूच्या टाकीवरची जाळी उचलली, बादली बुडवली आणि आपल्या टाकीत ओतली. दोन मशीनच्या मध्ये चार पावलांचंही अंतर नव्हतं. फरशीवर पडलेले थेंब त्याने चिंधीने पुसले. बाहेर येऊन जेवणाचा डबा उघडला तेव्हा त्याला सडकून भूक लागली होती.

त्या शनिवारी तो तेलराजा झाला नाही. दुसराच कुणीतरी झाला, मिलिंगवरचा. रईस फाटकातून नुसता बाहेर पडला, आणि हे नुसतं बाहेर पडणं किती सुखाचं असतं ते त्याला त्या दिवशी कळलं. मग तो रोज मागे राहू लागला. एकाच्या दोन बादल्या झाल्या. पुढच्या शनिवारी दसरूच्या गळ्यात डबा आला.

धुलाईच्या बायका त्याच फाटकातून जायच्या. सोमारी पदराने हात पुसत आली. डिझेलने तिच्या बोटांची सालं निघाली होती, म्हणून ती हात कुणाला दिसू द्यायची नाही. समोर नवरा डबा घालून उभा. ती थांबली. विक्की म्हणाला, “ओ बाई, लाइन अडवू नका. घरी गेल्यावर पाहा मन भरून.” सगळे हसले. रईस त्या हसण्यात होता. आपलं हसू इतरांपेक्षा जरा जोरात गेलं, हे त्याच्या लक्षात आलं.

दसरूला आपल्या मशीनवर शंका आली. चोरीची शंका त्याला शिवलीही नाही. सोमवारी तो कामाच्या आधी येऊन मशीनखाली झोपला, मोबाईलच्या उजेडात टाकीचा एकेक सांधा बोटाने चाचपडू लागला. पाठीला लोखंडाचा किस टोचत होता.

“रईसभाऊ, हे दूध कुठी जाऊन राह्यलं? मले तं काई समजून नाई राह्यलं.”

“पाह्य बरं पाइपाकडून,” रईस म्हणाला. “जॉइंट ढिला असंल.”

“जॉइंट टाइट हाय.”

“मंग पंपाच्या वायसरातून जात असंल.”

रईस स्वतः खाली वाकला, त्याच्याशेजारी आडवा झाला. दोघांनी मिळून पंप खोलला, वायसर बदलला, पंप परत बसवला. दसरू घामाघूम होऊन म्हणाला, “तुम्ही हाय म्हून बरं हाय भाऊ. दुसरं कोनी विचारत नाई.” त्या दिवशी दुपारी रईसने जाळी उचलली तेव्हा त्याचा हात क्षणभर थबकला. मग त्याला फाटक आठवलं आणि त्याने बादली बुडवली.

पुढे एक आठवडा त्याने काही घेतलं नाही. खरंच घेतलं नाही. आदल्या शुक्रवारी नमाजहून परतताना त्याने तसं ठरवलंच होतं. पण आठवडा संपताना, शनिवारी सकाळी, फळ्यावर त्याच्या रेघा सगळ्यांच्या वर गेल्या होत्या, आणि संध्याकाळी डबा पुन्हा त्याच्या मानेवर होता. विक्की फोटो काढत म्हणाला, “घरवापसी!” सोमवारपासून रईसने पुन्हा बादली उचलली, आणि यावेळी त्याच्या मनात दसरूबद्दल राग होता. माणूस स्वतःच्या टाकीवर लक्ष ठेवू शकत नाही का? एवढा भोळा राहतो कशाला? ज्याचं आपण घेतो त्याच्यावरच चिडणं किती सोपं असतं!

दसरूला ‘दूधवाला’ हे नाव रईसनेच दिलं. चहाच्या वेळी सहज तोंडातून गेलं, “या, दूधवाले, रतीब टाकून आले का?” ते नाव चिकटलं. मंगरू स्टोअरमधून ओरडायचा, “दूधवाल्या, अजून किती बादल्या रे?” दसरूही हसायचा. विक्कीने त्याला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, अजून एकदा डबा गळ्यात पडला तर कामावर येऊ नको, आणि बायकोलाही आणू नको.

त्यानंतर दसरूने दुधाचा नळ बंद केला.

मिश्रणाची धार सोडायची नाही, एका टिनात थोडं दूध घ्यायचं आणि ब्रशने फिरत्या पिनेला हाताने लावत राहायचं, अशी युक्ती त्याने काढली. पोलाद कोरडं कातलं की किस तुटत नाही. लांबच लांब, तापलेल्या निळ्या तारेसारखा निघतो आणि फिरत्या पिनेभोवती गुंडाळत जातो. त्यात ब्रश अडकला की ब्रश धरणारा हातही जातो. रईस आजवर प्रत्येक नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच सांगत आला होता. दसरूलाही त्याने सांगितलं होतं.

त्याने दसरूचा ब्रश पाहिला. मशीन थांबवून तो दोन पावलं पुढेही गेला. तेवढ्यात विक्की तिथून चालला होता. तो थांबला, त्याने पाहिलं आणि दसरूच्या पाठीवर थाप मारली. “देखो! याले म्हंतेत बचत. शिका काई याच्यापासून.” दसरूचं तोंड उजळलं. कित्येक दिवसांत त्याला कुणी बरं म्हटलं नव्हतं.

रईस परत आपल्या मशीनकडे वळला. आता बोललो तर विक्कीसाहेबाच्या तोंडावर बोलल्यासारखं होईल, असं त्याने मनाला सांगितलं. दुसराही एक विचार होता आणि तोच खरा होता: नळ का बंद केला हे निघालं, की दूध कुठे गेलं हेही निघेल. शिवाय दसरूने असं भागवलं तर त्याच्या रेघा कमी होतील, आणि मग शनिवारी कोण? त्या दुपारी रईसने तीन बादल्या काढल्या.

दोन दिवसांनी, चहाच्या आधी, त्याला एक विचित्र आवाज आला. ओरडण्याचा नव्हे, ओल्या कापडाच्या फटक्यासारखा. त्याने मान वळवली तेव्हा दसरू पिनेवर वाकल्यासारखा दिसत होता. मग ओरडणं आलं. रईस धावला आणि लाल बटण दाबलं. सगळ्यांत जवळ तोच होता. पिन थांबली. निळ्या किसाच्या गुंत्यात ब्रशचा दांडा होता आणि दसरूचा उजवा हात होता. टिनातलं दूध सांडून फरशीवर पसरलं होतं आणि गुलाबी होत चाललं होतं.

धुलाईच्या टेबलाकडून सोमारी आली. ती रडली नाही. उघड्या, सोललेल्या हातांनी ती तो तापलेला किस ओढून काढू लागली. तिचे हात चिरत गेले आणि ती ओढत राहिली, शेवटी दोघांनी तिला धरून मागे नेलं.

दवाखान्यात चार बोटं काढावी लागली. अंगठा राहिला.

कारखाने तपासणारा सरकारी साहेब येणार असं कळलं तेव्हा विक्कीने रईसला केबिनमध्ये बोलावलं, बस म्हणाला. आजवर त्या खुर्चीवर त्याला कुणी बसवलं नव्हतं.

“साहेब येकच गोष्ट पाहीन,” विक्की म्हणाला. “मशीन गळत होती आन आपन दुरुस्त नाई केली, म्हून त्यानं नळ बंद केला, तं दोष आपला. मशीन धड होती आन त्यानं आपल्या मनानं ब्रश चालवला, तं दोष त्याचा. फिटरनं पाह्यली, गळत नाई. तू शेजारचा, सीनियर. तुले विचारतीन.” मग तो जरा हसला. “तुही टाकी लय जुनी झाली ना? दसरूची मशीन आता रिकामीच पडली हाय.”

त्याच संध्याकाळी दसरू आणि सोमारी घुटकाळ्यात त्याच्या घरी आले. दसरूचा हात पांढऱ्या गाठोड्यासारखा छातीशी बांधलेला. कमरजहाँने चहा केला, दसरूच्या डाव्या हातात कप नीट बसेना म्हणून ताटलीत ओतून दिला. अरीबा दारात उभी राहून पाहत होती.

“भाऊ, तुम्ही सरकारी साहेबाले सांगा,” सोमारी म्हणाली. “मशीन गळत होती म्हून. तुम्ही तं संगं पाह्यलं. वायसर बदलला, सगळं केलं. हे मनानं काई करत नाईत. डब्याच्या भेवानं केलं.”

“सांगतीन ना,” कमरजहाँच बोलून गेली. “का नाई सांगणार? जे झालं तेच तर सांगायचं.”

रईस म्हणाला, “सांगतो.”

दसरू म्हणाला, “दूध गेलंच ना भाऊ? टाकीतून तं गेलंच. कुठून गेलं तेवढंच नाई सापडलं.”

रात्रभर रईस या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिला. गळत होती म्हणावं तर साहेब टाकी पाण्याने भरून पाहील. पाणी जाणार नाही. मग विचारील, दूध गेलं कुठे? आणि तो प्रश्न एकदा उघड्यावर आला की शेजारच्या मशीनवर यायला त्याला किती वेळ लागेल? फळ्यावर मागच्या सगळ्या हप्त्यांच्या रेघा होत्याच. ज्या आठवड्यांत दसरूच्या चढल्या त्याच आठवड्यांत रईसच्या उतरल्या होत्या. कुणी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, इतकंच.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये साहेब, शेठ, विक्की, फिटर आणि भिंतीशी दसरू-सोमारी. साहेब थकलेला, उन्हातून आलेला माणूस होता. त्याने सरळ विचारलं, “तुम्ही जुने आहात. शेजारीच काम करता. खरं काय ते सांगा. त्याची टाकी गळत होती का?”

रईसने सोमारीकडे पाहिलं नाही. त्याने साहेबाच्या मागच्या खिडकीकडे पाहिलं.

“नाही साहेब,” तो म्हणाला. “गळत नव्हती.”

कारखान्यात आजवर कुणी बोललेलं सगळ्यांत खरं वाक्य ते होतं, आणि ते बोलताना रईसची जीभ एकदाही अडखळली नाही.

“नळ त्याने स्वतः बंद केला?”

“हो.”

“ब्रश लावू नये हे त्याला माहीत होतं?”

“मीच शिकवलं होतं.”

विक्कीने श्वास सोडला. साहेबाने दसरूकडे पाहिलं. “तुला काही म्हणायचंय?”

दसरू म्हणाला, “भाऊ खोटं नाई बोलत साहेब. ते म्हंतेत गळत नाई, तं नसंल गळत. माह्याच हातून काई होत असंल. सांडत असंल माह्याकडून.” आणि तो शरमून आपल्या गाठोड्याकडे पाहू लागला.

बाहेर पडल्यावर तो मुद्दाम रईसपाशी आला. “मनात काई ठेवू नका भाऊ. खरं तेच सांगा लागते.” सोमारी पुढे चालत गेली होती. त्याच दुपारी ते दोघं बसने गडचिरोलीकडे गेले.

साहेबाच्या येण्याने विक्की थोडा घाबरला होता. फळा आणि डबा दोन्ही त्याने भंगारात टाकून दिले, तेलराजा कायमचा बंद झाला. रईसची जुनी मशीनही भंगारात गेली. तो दसरूच्या मशीनवर उभा राहिला. टाकी एकदा भरली की आठवडाभर पाहावं लागत नसे. पुढे त्याला सगळ्या कारखान्याच्या दुधावर आणि डिझेलवर लक्ष ठेवायचं काम मिळालं, कारण वाया काय जातं हे त्याच्याइतकं कुणाला कळत नाही, असं विक्की शेठला म्हणाला.

पावसाळा संपता संपता सोमारी एकटीच परत आली. दसरूला गावात काही काम जमत नव्हतं, एका हाताने धानाची रोवणीही करता येत नव्हती. विक्कीने तिला पुन्हा धुलाईला घेतलं. हातमोजे मागितले तर त्याने रईसकडे बोट दाखवलं, आता ते यांच्याकडे. रईस म्हणाला, बघतो. पण त्या महिन्यात डिझेलपासून सगळाच खर्च कमी करायचं ठरलं होतं, आणि त्याने पाहिलं नाही.

आता त्याच्या मशीनवरच्या पिना तिच्याच टेबलावर जात. त्या ती इतरांच्या मालाआधी घ्यायची, ब्रशने घासायची, दुसऱ्या टबात खळबळायची, फडक्यावर ओळीने मांडायची. एकदा तो जाळीवरच्या पिना घेऊन गेला तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, “भाऊ, या मशीनले दूध पुरते का आता?”

“पुरते,” तो म्हणाला.

“आमच्या ह्यायले काऊन नसंल पुरत मंग?”

रईसने पिना टेबलावर ठेवल्या. मग म्हणाला, “पहिल्या टबात जास्त डिझेल घेऊ नको सोमारी. वाया जाते.”

तिने टब तिरपा केला, वरचं थोडं डिझेल डब्यात परत ओतलं, आणि उरलेल्यात उघडे हात घालून पुढची पिन उचलली.